भावी शेठ

शेठचा धंदा कुठला, असं विचारायचं नसतं. सध्या कुठला, असं विचारायचं. तेही सकाळीच विचारून घ्यावं, कारण दुपारी ते जिल्हा उद्योग केंद्रात एक चक्कर मारून आले की उत्तर बदललेलं असतं.

‘शेठ’ हे नाव गल्लीनं चेष्टेत पाडलं आणि त्यांनी ते मनापासून घेतलं. आता वहिनीसुद्धा परक्या माणसाला दारातून ‘शेठ घरी नाहीत’ असंच सांगतात. त्यात चेष्टा किती आणि मान किती, हे ऐकणाऱ्यानं ठरवायचं.

माझी सगळी नोकरी बँकेच्या कर्ज खात्यात गेली, त्यामुळे या नमुन्याची माणसं मी पुष्कळ पाहिली. मिरज, तासगाव, जत, बदली होईल तिथं एक शेठ असायचाच. ओळखायची खूण सोपी. तो ‘धंदा’ म्हणत नाही, ‘प्रोजेक्ट’ म्हणतो. गिऱ्हाईक म्हणत नाही, ‘मार्केट’ म्हणतो, आणि मार्केट कायम ‘प्रचंड’ असतं. पैसे बुडाले असं त्याच्या तोंडून कधी येत नाही, ते ‘अडकलेले’ असतात. हाताखाली एक माणूस नसतो, पण बोलण्यात ‘आपण’ असतो. ‘आपण यंदा एक्स्पोर्टला उतरतोय.’ हे आपण म्हणजे कोण कोण, असं मी एकाला टेबलापलीकडून विचारलं होतं. गृहस्थांनी मागं वळून बघितलं.

आमचे शेठ यातले अव्वल. कुपवाडच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये त्यांनी उमेदीची वर्षं काढली. नट-बोल्ट मोजून द्यायचे, रजिस्टरला चढवायचे. तिथं बसून त्यांना एक गोष्ट हळूहळू पटत गेली की मालक व्हायचं तर माल लागतो. मालकाकडं माल आहे म्हणून तो मालक, आपल्याकडं नाही म्हणून आपण स्टोअरकीपर. कारखान्यानं व्हीआरएस काढली तेव्हा पहिला अर्ज शेठचा. रक्कम हातात पडली आणि त्याच आठवड्यात व्हिजिटिंग कार्डं छापून आली, रबरी शिक्का झाला, फिरती खुर्ची आली. धंदा कुठला ते ठरायचं होतं, म्हणून कार्डावर नावाखाली नुसतंच ‘प्रोप्रायटर’ होतं. मागची बाजू कोरी. पाच हजार कार्डं घेतली तर दर निम्म्यावर येतो म्हणून पाच हजार घेतली.

मग धंदे ठरत गेले. कोरफड. सफेद मुसळी. इमू. महाराष्ट्रात ज्या वर्षी ज्या गोष्टीची साथ आली, ती शेठना झाली. इमूच्या साथीत त्यांनी भावाच्या शेताला जाळी मारून घेतली. ते उंच पक्षी जाळीतून गावाकडं बघत राहिले, गाव त्यांच्याकडं बघत राहिलं, आणि मांस, अंडी, तेल, पिसं, चामडं अशा पाच उत्पन्नांचा तक्ता भिंतीवर नुसता पिवळा पडत गेला. पुढं कडकनाथ आली तेव्हा शेठ मला म्हणाले, ‘‘साहेब, इमूचा धडा घेतलाय. या वेळी लहान पक्षी.’’

कडकनाथ मूळची मध्य प्रदेशातल्या झाबुआची. अंगानं काळी, मांसानंही काळी. तिला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्या बातमीचं कात्रण शेठनी लॅमिनेट करून घेतलं आहे. पिल्लं त्यांनी घेतली, खाद्य घातलं, अंडी उबवायचं यंत्रही आणलं. माल उचलतो म्हणणाऱ्यांनी पुढं फोन उचलणं बंद केलं. शेठचे पैसे तिथं ‘अडकलेत’.

घराच्या मागं पत्र्याची खोली आहे, तिला शेठ ‘युनिट’ म्हणतात. बघण्यासारखी आहे. द्रोण-पत्रावळीचं मशीन पॉलिथिनमध्ये गुंडाळलेलं, आणि कुंकवाचं स्वस्तिक पॉलिथिनवरच काढलेलं. म्हणजे पूजासुद्धा कव्हर न काढता झाली. त्याच्याशेजारी कापूरवडीचा साचा. पिशव्या सील करायचं यंत्र. इलेक्ट्रॉनिक काटा, तो मुसळीसाठी घेतलेला, कारण मुसळी ग्रॅमवर विकायची होती. कोपऱ्यात कडकनाथचं उबवणी यंत्र. पत्र्याचं कपाट, आत जाळीचे ट्रे, बल्ब, थर्मोस्टॅट आणि तळाला पाण्याचं तबक. खोलीला थ्री फेज कनेक्शन आहे. मीटर फिरत नाही, पण स्थिर आकाराचं बिल दरमहा येतं आणि शेठ ते ‘फॅक्टरीचं बिल’ म्हणून चार लोकांसमोर फोडतात.

इतकं सगळं असताना अडलंय कशावर, असं विचारलं की ते म्हणतात, ‘‘सगळं आहे हो साहेब. फक्त एक...’’ ते एक म्हणजे कधी कोल्ड स्टोरेज, कधी स्वतःचा टेम्पो, कधी वेबसाइट, कधी ऑटोमॅटिक पॅकिंग मशीन. ते आलं की दुसरं एक. माझ्या टेबलावर येणाऱ्या असल्या प्रोजेक्ट रिपोर्टात यंत्रसामग्रीची यादी दीड पान असायची, प्रत्येकाची तीन-तीन कोटेशनं जोडलेली, आणि ‘विक्री’ या मथळ्याखाली एकच ओळ : ‘सदर मालाला स्थानिक तसेच परराज्यात मोठी मागणी आहे.’ ही मागणी केलेल्या एका तरी माणसाचं नाव सांगा, असं मी म्हणायचो. एकानं चुलतभावाचं सांगितलं. शेठनी तो प्रश्न ऐकून घेतला आणि डायरीत टिपून घेतला. उत्तर काही दिलं नाही.

शेठना वरमवायला जावं तर ते लक्ष्मणराव किर्लोस्करांना पुढं करतात. किर्लोस्करवाडी आमच्यापासून तासाभरावर, त्यामुळे लक्ष्मणराव इकडं घरच्या माणसासारखे बोलण्यात येतात. ‘‘लक्ष्मणरावांकडं तरी काय होतं हो?’’ हा शेठचा आवडता प्रश्न.

प्रश्न चांगला आहे. लक्ष्मणरावांकडं काय होतं? बेळगावात भावाबरोबरचं सायकलींचं दुकान, १८८८ सालापासूनचं. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमधली शिकवायची नोकरी होती, पण बढतीत डावललं म्हणून तीही सोडलेली. यंत्र उघडून बघायची खोड होती. त्या खोडीतून कडबा कापायचं यंत्र झालं, लोखंडी नांगर झाला. आणि नांगर झाल्यावर शेतकरी म्हणाला, लोखंडानं जमिनीला विष चढतं. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं लागली. शेठच्या तोंडून किर्लोस्करांची गोष्ट मी कितीतरी वेळा ऐकली असेल, पण त्यांच्या गोष्टीत ही दोन वर्षं येत नाहीत. बेळगावच्या नगरपालिकेनं जागा खाली करायला लावल्यावर औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनाजवळचा माळ दिला. निवडुंग माजलेला, सापाकिरड्यांचा. १९१० साली लक्ष्मणराव तिथं गेले, आणि बरोबर माणसं नेली ती बघण्यासारखी. शंभुराव जांभेकर, अनंतराव फळणीकर, मंगेशराव रेगे. फळणीकरांनी शाळा अर्ध्यावर सोडलेली, पण यंत्रात डोकं चालायचं. रेगे एकटेच कारकून, हिशेबनीस आणि व्यवस्थापक. असली माणसं हेरायला नजर लागते, आणि ती कोटेशन मागवून मिळत नाही.

एवढ्या सगळ्यातलं शेठना एकच वाक्य ऐकू येतं. राजानं जमीन दिली. तेव्हापासून ते राजा शोधतायत. संस्थानं विलीन झाली हे त्यांना मान्य आहे, पण आमदार आहेत, पालकमंत्री आहेत, एमआयडीसीचे अधिकारी आहेत. प्लॉटच्या अर्जांची एक फाईल आहे, तिला आता दोरी पुरत नाही.

‘‘निवडुंगाचा माळ मिळाला तर चालेल का?’’ मी एकदा विचारलं.

‘‘रोड टच हवा साहेब,’’ शेठ म्हणाले.

उद्योजकता शिबिरं शेठनी इतकी केली आहेत की आता आभारप्रदर्शन त्यांच्याकडंच असतं. अशा एका शिबिरात कर्ज योजना समजावून सांगायला बँकेनं मला पाठवलं होतं, तेव्हा रिंगांचा खेळ बघायला मिळाला. खेळ अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलँड यांच्या प्रयोगातला. याच मॅक्लेलँडनी १९६०च्या दशकात आंध्रातल्या काकीनाड्याच्या छोट्या व्यावसायिकांना प्रशिक्षण देऊन बघितलं होतं, माणसात जिद्द शिकवून आणता येते का म्हणून. खेळ अगदी साधा. एक खुंटी उभी करायची आणि लांबून रिंग फेकून तिच्यात अडकवायची. किती लांबून, ते ज्याचं त्यानं ठरवायचं. जितकं अंतर जास्त तितके गुण जास्त. काही जण खुंटीला चिकटूनच उभे राहतात, त्यांना जोखीम नको असते. काही भिंतीला पाठ लावून फेकतात, त्यांनी सगळं नशिबावर सोडलेलं असतं. ज्याच्यात पाणी आहे तो मधलंच कुठलंतरी अंतर धरतो. चुकलं की पाऊलभर पुढं येतो, बसलं की पाऊलभर मागं सरकतो.

शेठची पाळी आली. त्यांनी रिंग हातात घेऊन वजनाला बघितली. ‘‘प्लास्टिकची आहे. हलकी. पुण्यात रबरी मिळतात.’’ मग खाली बसून खुंटीचा पाया हलतो का ते बघितलं. मग वाऱ्यानं रिंग भरकटेल म्हणून पंखा बंद करायला लावला. आमच्या घामाच्या धारा लागल्या. वेळ संपल्याची शिट्टी झाली तेव्हा रिंग शेठच्या हातातच होती. गुण शून्य. अभिप्रायाच्या कागदावर मात्र त्यांनी साहित्याच्या दर्जाविषयी मागची-पुढची बाजू भरून लिहिलं.

वहिनींनी शिबिर एकही केलेलं नाही. त्या भडंग करतात.

सांगलीकडं भडंग कुणाच्या घरी होत नाही? पण वहिनींचं वेगळं. चुरमुरे त्या जाड, फुगीर, खास भडंगाचेच आणतात, दुकानदार पोतं फोडून दाखवेल तेव्हाच. मोठ्या कढईत तेल, त्यात शेंगदाणे, मग सालासकट ठेचलेला लसूण पार तांबूस होईपर्यंत, मग कढीपत्ता. आणि इथं त्या गॅस बंद करून चक्क अंगणात तुळशीला पाणी घालायला जातात. तिखट टाकायचं ते तेल जरा निवल्यावर. ‘‘घाईनं टाकलं की करपून काळं होतं भाऊजी. मग वरनं कितीबी पिठीसाखर मारा.’’ नंतर मीठ, पिठीसाखर, आणि सगळं परातीत दोन्ही हातांनी हलकं हलकं चोळायचं, चुरमुरा मोडता कामा नये.

शेजारची मुलगी पुण्याला शिकायला गेली, तिच्याबरोबर डबा दिला. हॉस्टेलच्या खोलीतल्या बाकीच्या पोरींनी तो संपवला आणि पैसे पाठवून आणखी मागवलं. अशी भवानी झाली. पुढं काटा लागला, तो वहिनींनी ‘युनिट’मधून उचलला. पिशव्या सील करायचं यंत्र उचललं. मग पावसाळा आला आणि भडंग सादळायला लागलं. आषाढ-श्रावणात आमच्याकडं काडेपेटी पेटत नाही, चुरमुऱ्याची काय कथा. वहिनींनी उबवणी यंत्र उघडलं, तळाचं पाण्याचं तबक काढून फुलझाडाखाली ठेवलं, ट्रेवर कागद अंथरला आणि बल्ब लावला. बाहेर कृष्णा आयर्विन पुलाशी कुजबुजतेय आणि आत भडंग उन्हाळ्यातल्यासारखं कुरकुरीत. त्या यंत्रातून कडकनाथचं एक पिल्लू कधी बाहेर आलं नव्हतं. भडंग आता रोज निघतं.

पाच हजार व्हिजिटिंग कार्डांचाही त्यांनी निकाल लावला. पाठकोऱ्या कार्डावर गिऱ्हाइकाचं नाव, नेलं किती, बाकी किती. गठ्ठ्याला रबर लावून डब्यात. ही उधारीची वही. उधार कुणाला द्यायचं हे कसं ठरवता, असं मी त्यांना विचारलं. माझा जन्म त्यातच गेलेला, कुतूहल होतं.

‘‘जो भाव करतो त्याला द्यायची,’’ वहिनी म्हणाल्या. ‘‘त्याला पैसे द्यायचे असतात म्हणून तर घासाघीस करतो की. जो भाव न विचारता ‘दोन किलो बांधा’ म्हणतो, त्याच्याकडनं रोख घ्यायचे.’’

माझ्या बँकेच्या परिपत्रकांत एवढं एक वाक्य असतं तरी कितीतरी खाती बुडायची वाचली असती.

एडिथ पेनरोज या अर्थशास्त्रज्ञ बाईंचं कंपन्यांच्या वाढीवरचं पुस्तक १९५९ साली आलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की कंपनी म्हणजे साधनांचा गठ्ठा खरा, पण मालात उतरतं ते साधन नव्हे, त्या साधनानं केलेली चाकरी. आणि तेच साधन एकाच्या हाताखाली एक चाकरी करतं, दुसऱ्याच्या हाताखाली दुसरी. बाईंना आमचं उबवणी यंत्र दाखवायला हवं होतं. योगायोग असा की त्याच वर्षी, १५ मार्चला, मुंबईत गिरगावात सात बायका एका इमारतीच्या गच्चीवर पापड लाटायला बसल्या. भांडवल ८० रुपये, तेही छगनलाल करमशी पारेख यांच्याकडून उसने घेतलेले. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. तेच पुढं लिज्जत झालं. तोटा आला तरी कुणाकडं देणगी मागायची नाही, असं त्या बायकांनी तेव्हाच ठरवून टाकलं होतं.

हे मी शेठना सांगितलं तेव्हा ते खरोखर हळहळले. ‘‘तेव्हा सबसिडीच्या स्कीम नव्हत्या हो साहेब. बिचाऱ्या.’’

पण शेठची बाजू अगदीच पडकी नाही. ८० रुपयांची गोष्ट सांगून भांडवलाला काही किंमतच नाही म्हणणारे वक्ते मला आवडत नाहीत. असल्या वक्त्यानं कुणाला ८० रुपये दिलेले मी पाहिले नाहीत. हातात सोनं असलेले कारागीर जामीनदार मिळाला नाही म्हणून माझ्या टेबलावरून परत गेले आहेत. गच्चीवरच्या बायकांना पारेख होते, लक्ष्मणरावांना औंध होतं. कसबाला पैसा मिळाला नाही तर ते घरातल्या घरात चटणी वाटत राहतं. आणि वहिनींचा काटा, सीलिंग मशीन, ते कपाट शेवटी आलं कुठून? शेठच्या व्हीआरएसमधून. शेठ हे विसरू देत नाहीत. भडंगाची कुणी तारीफ केली की ते फिरत्या खुर्चीतून म्हणतात, ‘‘इन्फ्रास्ट्रक्चर आपलं आहे.’’ वहिनी नाही म्हणत नाहीत. त्या फक्त लाइटबिल त्यांच्याकडं देतात.

असंच एकदा बोलता बोलता मी सारस सरस्वती यांचा विषय काढला. व्हर्जिनिया विद्यापीठात शिकवणाऱ्या या बाईंनी २७ मुरलेल्या उद्योजकांपुढं एक काल्पनिक धंदा मांडला आणि त्यांना मोठ्यानं विचार करायला सांगितलं. त्यांना असं दिसलं की ही माणसं आधी मुक्काम ठरवून मग त्यासाठी साधनं गोळा करत बसत नाहीत. घरात काय काय आहे ते आधी बघतात, आणि त्यातून काय शिजेल ते मग ठरवतात. मी कोण, मला काय येतं, माझ्या ओळखीचं कोण, इथनं सुरुवात. आणि मिळतील किती याच्या आधी, बुडाले तर किती झेपतील हा हिशेब. 

हेच तीन प्रश्न मी शेठना घातले.

‘‘तुम्ही कोण?’’

‘‘उद्योजक.’’

‘‘येतं काय?’’

‘‘तसं सगळंच येतं.’’

‘‘ओळखी?’’

इथं शेठ खुर्चीत सरसावून बसले. ‘‘ओळखींचं काय विचारता!’’ आणि बोलायलाच लागले. उद्योग केंद्रात कुठल्या टेबलावर कुठला कागद किती दिवस झोपतो. ग्रामपंचायतीचा ना-हरकत कुठल्या वाराला मिळतो. अन्न परवान्याला पाण्याचा तपासणी अहवाल आधी लावला तर पुढचा हेलपाटा कसा वाचतो. सबसिडी मंजूर झाली तरी ती तीन वर्षं बँकेत मुदत ठेवीत अडकून पडते, तेव्हा तिच्या भरवशावर लग्नाचा हॉल बुक करू नका, हे प्रत्येकाला आधी बजावायचं. दोन कोटेशनं एकाच हस्ताक्षरात दिसली की फाईल परत आलीच म्हणून समजा. महावितरणात लोड वाढवून घ्यायचा असेल तर साहेबांना नव्हे, त्यांच्या बाहेर बसणाऱ्याला भेटायचं.

‘‘हे प्रत्येकाला म्हणजे कुणाला?’’ मी विचारलं.

मग नावं आली. मिरज रस्त्यावरचा पेव्हर ब्लॉकवाला. तासगावातला बेदाण्याची प्रतवारी करणारा. आइसक्रीमचे कोन करणारे दोघे भाऊ. यांच्या फाईली मला आठवत होत्या, त्यातल्या काही माझ्याच सहीनं मंजूर झालेल्या. स्वच्छ, पानांवर नंबर घातलेल्या, खर्चाचे आकडे खाली खेचलेले आणि उत्पन्नाचे त्याहून खाली. ‘विक्री’ या मथळ्याखाली गिऱ्हाइकांची नावं, त्यांचे फोन नंबर, ‘दरमहा इतका माल घेऊ’ असं सही-शिक्क्यानिशी लिहिलेली पत्रं. हे कोण लिहून देतं म्हणून मी तेव्हा चकित व्हायचो. डायरीत टिपून घेतलेला माझा प्रश्न शेठनी इतक्या लोकांसाठी वापरला होता. एक स्वतःला सोडून.

‘‘याचे तुम्ही घेता किती?’’

‘‘कशाचे?’’

‘‘फाईल करून द्यायचे.’’

‘‘घ्यायचं काय त्यात? चहा पितो आपण. बेदाणावाल्यानं मागं एक डबा आणून दिला होता.’’

‘‘अहो शेठ, एजंट लोक याचे हजारोंनी घेतात.’’

शेठ माझ्याकडं बघत राहिले. मस्करी चाललीय की काय, असं त्यांना वाटत असावं. ‘‘पण साहेब,’’ ते म्हणाले, ‘‘हे तर मला येतंच.’’

आतून परातीचा आवाज थांबला. ‘‘भाऊजी, त्यांना सांगा, फाईलमागं दोन हजार घ्या म्हणावं,’’ वहिनी म्हणाल्या. ‘‘पावतीपुस्तक मी आणते.’’

त्या रात्री ‘युनिट’मधला दिवा उशिरापर्यंत चालू होता. मला बरं वाटलं. दोनतीन दिवसांनी शेठ स्वतः बोलवायला आले. टेबलावर स्पायरल बाइंडिंग केलेलं जाडजूड काहीतरी होतं. वर छापलेलं : ‘प्रोजेक्ट रिपोर्ट. प्रकल्प अहवाल व उद्योग सल्ला केंद्र.’ मी चष्मा लावला. यंत्रसामग्री : संगणक दोन, रंगीत प्रिंटर, बाइंडिंग मशीन, काचेची केबिन, दीड टनाचा एसी, इन्व्हर्टर, रांगेत बसलेल्यांना नंबर द्यायला टोकन मशीन. तीन-तीन कोटेशनं जोडलेली. मी घाईघाईनं पुढची पानं उलटली आणि ‘विक्री’ काढलं. ‘प्रकल्प अहवालांना स्थानिक तसेच परराज्यात मोठी मागणी आहे.’

‘‘सगळं झालंय,’’ शेठ म्हणाले. ‘‘फक्त एक जागा...’’

तेवढ्यात दारात जतकडचा एक पोरगा उभा राहिला. काखेत शेळीपालनाची फाईल, पायात धुळीनं भरलेली चप्पल. कुणीतरी त्याला इथलाच पत्ता दिला होता. एरवी शेठनी त्याला आत घेऊन, चहा पाजून, संध्याकाळपर्यंत फाईल हातावेगळी केली असती. आज ते खुर्चीतून हलले नाहीत.

‘‘आता असं सुटं काम आपण घेत नाही,’’ ते म्हणाले. ‘‘ऑफिस सुरू झालं की ये. पाडव्याला उद्घाटन आहे.’’

‘‘कुठल्या पाडव्याला?’’ पोरानं विचारलं.

शेठ माझ्याकडं बघायला लागले. पोरगा थोडा वेळ थांबला, मग चप्पल फटफटवत पायऱ्या उतरला. स्वयंपाकघराच्या खिडकीखालनं जात असताना आतून वहिनींनी हाक मारली. गजांतून हात बाहेर काढून फाईल मागून घेतली आणि ओट्यावर ठेवून एकेक पान उलटलं.

‘‘ही दोन कोटेशनं एकाच हातची आहेत रे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘अशी दिलीस तर परत येईल. एक दुसऱ्याकडनं आण. आणि शेळ्या घेणाऱ्या दोघातिघांची नावं लिहून आण, फोन नंबरासकट. पाचशे रुपये पडतील.’’

‘‘तीनशेत करा की काकू.’’

‘‘बरं, मग राहिलेले नंतर दे,’’ वहिनी म्हणाल्या, आणि डब्यातून एक कोरं कार्ड काढलं.